डोळ्यातले भिंग आणि वाट चुकलेला उजेड

आपल्या डोळ्यात बाहुलीच्या मागे एक भिंग असते. तरुणपणी ते स्वच्छ असते. वय झाले की ते गढूळ होते. त्यालाच आपण मोतीबिंदू म्हणतो. डॉक्टर ते गढूळ भिंग काढून तिथे कृत्रिम भिंग बसवतात. ते मसुरीच्या दाण्याएवढे, सुमारे 6 मिलिमीटर रुंद असते. 'लेन्स' हा शब्दच मुळी मसुरीच्या लॅटिन नावावरून आला आहे!

असे पहिले भिंग 1949 साली लंडनमध्ये डॉ. हॅरल्ड रिडली यांनी बसवले. महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या प्लास्टिकच्या काचेचे तुकडे शिरले होते. ते आत राहूनही डोळा चिडत नाही, हे रिडली यांनी पाहिले. त्याच जातीच्या प्लास्टिकचे त्यांनी भिंग केले. आपल्याकडे 1992 पासून मदुराईच्या ऑरोलॅबमध्ये स्वस्त भिंगे होऊ लागली. मग गरिबालाही ती परवडू लागली.

आता पाहा. ऑपरेशन झालेला एखादा म्हातारा म्हणतो, "तक्त्यावरची अक्षरं दिसतात हो! पण रात्री शीव-पनवेल रस्त्यावर समोरून मोटार आली, की काही म्हणता काही दिसत नाही." घरच्यांना वाटते, म्हातारा उगाच कुरकुर करतो. तसे नव्हे. त्याचे म्हणणे खरे असू शकते.

कौलातून घरात कवडसा पडतो. त्या उन्हाचा पट्टा आपल्याला बाजूने दिसतो. का बरे? हवेतल्या धुळीवर उजेड आपटतो आणि चहूकडे उडतो. याला उजेड विखुरणे म्हणतात. काही जातींच्या भिंगात काही वर्षांनी पाण्याचे अगदी बारीक थेंब धरतात. त्यांवरही उजेड असाच विखुरतो. मग डोळ्यात धुके पसरल्यासारखे होते.

हे मोजतात कसे? भिंग मिठाच्या पाण्यात ठेवतात. त्यातून उजेडाची तिरीप सोडतात. किती उजेड वाट सोडून बाजूला गेला, ते यंत्र सांगते. भिंग डोळ्यात बसलेले असले तर रीत वेगळी. माणसाने दुसऱ्या एका यंत्रात पाहायचे. आत एक उजेडाचे कडे लुकलुकते. मधल्या वर्तुळाचे दोन अर्धे असतात. कोणता अर्धा जास्त लुकलुकतो, एवढेच सांगायचे. अक्षर एकही वाचावे लागत नाही! त्यावरून साऱ्या डोळ्यातला विखुरलेला उजेड कळतो. चांगल्या डोळ्यातही तो पासष्टीला तरुणपणाच्या दुप्पट होतो.

भिंगातल्या थेंबांनी सहसा मोठा त्रास होत नाही. पुष्कळदा दोष भिंगाचा नसतोच. भिंगामागच्या पडद्यावर साय धरते. लेसरच्या किरणाने डॉक्टर तिथे वाट मोकळी करतात. त्यासाठी इस्पितळात राहावे लागत नाही.

पनवेलात लक्ष्मी आय इन्स्टिट्यूट आहे. नवीन पनवेलात शंकरा नेत्र रुग्णालय आहे. तिथे किंवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे गेलात, तर नुसते "कमी दिसतं" म्हणू नका. रात्री दिव्याभोवती कडे दिसते का, समोरच्या उजेडाने दिपायला होते का, आणि ते कधीपासून, हे नीट सांगा.