अपघातातल्या जखमीला उचलून थेट रिक्षात का घालू नये?

4 जुलै 2023. शिरपूर तालुक्यातलं पळासनेर. मुंबई-आग्रा महामार्गावर ब्रेक निकामी झालेला कंटेनर आधी गाड्यांना धडकला आणि मग रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला. किमान 10 जणांचा जीव गेला, अनेक जखमी झाले. त्यांना शिरपूर आणि धुळ्याच्या रुग्णालयांत हलवण्यात आलं.

धुळ्यातून मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर असे दोन मोठे महामार्ग जातात. त्यामुळे देवपूरच्या माणसासमोर कधीही अपघात घडू शकतो. लोक धावतात. एक जण बगलेत हात घालतो, दुसरा पाय धरतो आणि जखमी रिक्षात. धावून जाणं बरोबरच, पण उचलायची ही पद्धत माणसाला कायमचं अधू करू शकते. कशी, ते पाहू.

छाती आणि पाठ, पिंजरा एकच

बरगड्यांच्या 12 जोड्या मागे पाठीच्या 12 मणक्यांना जोडलेल्या असतात. पुढे त्यातल्या बहुतेक छातीच्या मधल्या हाडाला मिळतात. त्यामुळे छाती चेपणारी जोराची धडक मणकाही मोडू शकते. छातीचं मधलं हाड मोडलेलं दिसलं, की डॉक्टर पाठीचे मणकेही तपासतात ते यासाठीच.

बरगड्या मोडल्या तर?

मोडलेलं टोक फुफ्फुसात घुसू शकतं. मग छातीत हवा किंवा रक्त साठतं, फुफ्फुस आक्रसतं आणि नळी घालून ते बाहेर काढावं लागतं. लागोपाठच्या तीन किंवा जास्त बरगड्या दोन-दोन ठिकाणी मोडल्या, तर छातीचा तेवढा भाग सुटा होतो. श्वास घेताना तो फुगण्याऐवजी आत जातो. शिवाय दुखतं म्हणून जखमी पूर्ण श्वास घेत नाही, खोकत नाही. कफ साठून न्यूमोनिया होऊ शकतो.

मणका मोडला तर?

मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो. मणका मोडला म्हणजे मज्जारज्जूला इजा झालीच, असं नाही. पण जखमीला वाकवलं किंवा पिळलं, तर मोडलेला मणका सरकून त्यावर दाब येऊ शकतो. मानेचा मणका मोडलेल्या दहापैकी साधारण एकाचा दुसरीकडचाही मणका मोडलेला असतो. बेशुद्ध माणूस तर कुठे दुखतंय हेही सांगू शकत नाही. म्हणून डॉक्टर आधी श्वास आणि रक्तस्राव सांभाळतात, पण सीटी स्कॅन होईपर्यंत मणका मोडलाय असंच धरून चालतात.

तुम्ही काय कराल?

- आधी 108 ला फोन करा.
- आग किंवा मागून येणाऱ्या गाड्यांचा धोका नसेल, तर जखमीला हलवू नका.
- हलवावंच लागलं तर तीन-चार जण मिळून, डोकं, मान, पाठ एका रेषेत ठेवून, शक्यतो फळीवर घ्या.
- बेशुद्ध माणसाला उलटी होत असेल, तर मान न वळवता पूर्ण अंग एकदम कुशीवर करा. श्वास सगळ्यात आधी.
- रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा.
- पाणी पाजू नका. हेल्मेट ओढून काढू नका.

पोलिसांच्या झंझटीची भीती वाटते? मोटार वाहन कायद्याच्या कलम 134अ मुळे मदत करणाऱ्याला संरक्षण आहे. नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही.

त्यामुळे बिनधास्त थांबा. फक्त उचलायची घाई करू नका.