गंभीर आजारानंतरचे पुनर्वसन : मोजमापाचा प्रश्न

अत्यवस्थ रोग्याचा प्राण वाचला म्हणजे उपचार सफल झाला, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. अतिदक्षता विभागाचा उगम १९५२ मधील कोपनहेगनच्या पोलिओच्या साथीत मानला जातो. कृत्रिम श्वसनाने रोगी जगविणे हेच तेथे आद्य साध्य होते. वाचलेला रोगी पुढे कसा जगतो, हा प्रश्न संशोधनाच्या कक्षेत बराच उशिरा आला. शरीर, बुद्धी व मन यांत मागे राहणाऱ्या दुर्बलतेला 'अतिदक्षतोत्तर लक्षणसमूह' ही एकत्रित संज्ञा २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका परिषदवृत्तांताने रूढ केली.

या दुर्बलतेचा वेग मोठा आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६३ रुग्णांच्या एका इंग्लिश अभ्यासात पहिल्या दहा दिवसांत मांडीच्या स्नायूचे छेदक्षेत्र सरासरी सुमारे १८ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. त्यावर लवकर सुरू केलेल्या व्यायामाचा उपाय तपासला गेला. २००९ मधील १०४ रुग्णांच्या अमेरिकन चाचणीत व्यायाम मिळालेल्यांपैकी ५९ टक्के, तर इतरांपैकी ३५ टक्के रुग्ण घरी जाताना स्वावलंबी होते. उलट, २०२२ मधील ७५० रुग्णांच्या बहुराष्ट्रीय चाचणीत अधिक व्यायामाने विशेष लाभ दिसला नाही. उपद्रव मात्र वाढले. यावरून, व्यायाम केव्हा, किती व कोणाच्या तुलनेत दिला, हे स्पष्ट केल्यावाचून निष्कर्षास अर्थ उरत नाही, हे उघड होते.

जळगाव व धुळे येथे असे संशोधन करू पाहणाऱ्यापुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो : स्वावलंबन कशाने मोजावे? १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेली बार्थेल मापनपद्धती सर्वत्र वापरली जाते. तीत खाटेवरून खुर्चीत बसणे आणि जिना चढणे यांस गुण आहेत. जमिनीवर मांडी घालून बसणे व आधाराविना उठणे यांस नाहीत. सर्पदंशातून वा कीटकनाशकाच्या विषबाधेतून वाचलेल्या शेतमजुराला शौचास उकिडवे बसता येत नसेल, पाण्याची घागर उचलवत नसेल, दिवसभर वाकून कापूस वेचवत नसेल, अथवा केळीचा घड वाहवत नसेल, तर कागदावर पूर्ण गुण मिळूनही तो परावलंबीच राहतो. म्हणून प्रचलित मापनास अशा क्रियांची जोड देणे अगत्याचे आहे. मात्र आजारापूर्वी या क्रिया जमत होत्या काय, याची नोंद आप्तांकडून आरंभीच घ्यावी; अन्यथा जुनी गुडघेदुखी नव्या आजाराच्या माथी मारली जाईल.

भाषेचा विचारही तितकाच आवश्यक आहे. प्रमाण मराठीत रचलेली प्रश्नावली अहिराणी अथवा सातपुड्यातील पावरी बोलणाऱ्यास तोच अर्थ देईल, हे गृहीत धरता येत नाही. थकवा, भीती व विस्मृती यांविषयीचे प्रश्न त्या त्या बोलीत उतरवून स्वतंत्र व्यक्तीकडून उलट भाषांतर करवून पडताळावेत.

शेवटचा मुद्दा गैरहजेरीचा. तपासणीसाठी मजुरी बुडवून शहरात येणे अनेकांस परवडत नाही. न आलेल्यांपैकी काही बरे होऊन कामास लागलेले असतात, तर काही अंथरुणास खिळलेले. त्यांना सरसकट वगळल्यास निष्कर्ष कोणत्या बाजूस झुकेल, हेही सांगता येत नाही. यास्तव गृहभेटीचा खर्च संशोधनाच्या आराखड्यातच अंतर्भूत असावा. रुग्णालयाच्या दाराशी थांबणारे संशोधन रोगी वाचला एवढेच सांगू शकते. तो आपल्या संसारात परतला की नाही, याचे उत्तर त्याच्या घरीच मिळते.