‘फाइंड’ म्हणजे शोधणे नव्हे

‘फाइंड’ या इंग्रजी क्रियापदापुढे ‘शोधणे’ असा एकच अर्थ वहीत उतरवून घेण्याचा जो प्रघात आपल्या वर्गांतून रूढ झाला आहे, त्यापायी ‘मी पेन शोधतो आहे’ हे सांगताना ‘आय ॲम फाइंडिंग माय पेन’ असे म्हणणारे सुशिक्षित लोकही जागोजागी भेटतात; आणि हा दोष क्षुल्लक मानून सोडण्याजोगा नाही, कारण त्याच्या मुळाशी प्रयत्न आणि फल यांची गल्लत आहे. शोधण्याच्या खटपटीस इंग्रजीत ‘लुक फॉर’ किंवा ‘सर्च फॉर’ म्हणतात. ‘फाइंड’ हे ती खटपट फळास येऊन वस्तू हाती लागते त्या क्षणाचे क्रियापद आहे. किंबहुना कसलीही खटपट न करता वाटेत एखादे नाणे दिसले, तरी तेथेही हेच योजतात. मराठीत त्याच्या जवळचे शब्द ‘सापडणे’ आणि ‘आढळणे’ हे होत.

हे दोन्ही शब्द आपल्या नित्य बोलण्यातले असूनही घोटाळा व्हावा, याचे कारण मला वाक्यरचनेत दिसते. ‘मला पेन सापडले’ या वाक्यात कर्तेपण पेनाकडे असते आणि सापडण्याचा अनुभव घेणारा ‘मी’ चतुर्थीत राहतो. इंग्रजीत मात्र ज्याला सापडले तोच कर्ता होऊन बसतो, आणि कर्ता दिसला की तो काहीतरी करीत असला पाहिजे असे मन गृहीत धरते. ही भूल खुद्द इंग्रजांनाही पडते. ऑक्सफर्डचे तत्त्वचिंतक गिल्बर्ट राइल यांनी १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’ या ग्रंथात कार्यवाचक आणि सिद्धिवाचक अशी क्रियापदांची विभागणी करून ‘फाइंड’ला दुसऱ्या वर्गात बसविले, ते याच भुलीच्या निरसनार्थ.

‘फाइंडिंग’ हे रूपच सर्वत्र अशुद्ध, असा उलट ग्रहही बरोबर नाही. एखादे काम कठीण जात असल्याचा अनुभव चालू असेल, तर ‘आय ॲम फाइंडिंग इट डिफिकल्ट’ हे निर्दोष इंग्रजी आहे, कारण तेथे वस्तूचा लाभ नसून प्रत्ययाने बनत जाणारे मत अभिप्रेत असते. कोर्टाची ‘फाइंडिंग’ याच जातीची. तपास करणे हे पोलिसांचे काम. दिवाणी दाव्यात मुद्दे काढून, साक्षीपुरावा आणि दस्तऐवज पाहून, अमुक गोष्ट शाबीत झाली किंवा नाही असा जो निष्कर्ष न्यायाधीश प्रत्येक मुद्द्यावर नोंदवितात, ती फाइंडिंग.

‘फाउंडेड’ हे ‘फाइंड’चे भूतकाळी रूप नव्हे, ते रूप ‘फाउंड’ असे आहे. स्थापना करणे या अर्थाचे ‘फाउंड’ हे क्रियापद निराळे, तळ किंवा पाया या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आलेले. जोतीराव फुले यांनी १८७३ साली पुण्यात सत्यशोधक समाज ‘फाउंडेड’ केला असे म्हणावयाचे ते यामुळे. त्या समाजाच्या नावातील ‘शोधक’ इंग्रजीत ‘सीकर’ होतो, ‘फाइंडर’ नव्हे, हेही येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

राहिले ‘शोध लावणे’ या अर्थाचे ‘डिस्कव्हर’. प्रथम दर्शन म्हणजे ‘डिस्कव्हरी’, ही समजूत युरेनसच्या इतिहासापुढे टिकत नाही. जॉन फ्लॅमस्टीड यांनी १६९० साली तो ग्रह पाहून वृषभ राशीतील तारा म्हणून त्याची नोंद केली होती. परंतु शोधाचे श्रेय विल्यम हर्शेल यांना मिळाले. त्यांनी १७८१ मध्ये तो पाहिला तेव्हा त्यांनाही तो धूमकेतूच वाटला होता. पण तो ताऱ्यांमधून सरकतो आहे हे त्यांनी ओळखले, आणि त्या निरीक्षणावरून इतर ज्योतिर्विदांनी कक्षा गणून त्याचे ग्रहत्व सिद्ध केले.