‘झोन ए’ म्हणजे नेमकं कुठे?

पेटची तयारी करणाऱ्या एका वाचकानं मला मागच्या महिन्यात सिनॉप्सिसचं शीर्षक पाठवलं: ‘वादळाच्या काळात पर्यटकांनी दाखवलेला निष्काळजीपणा : एक अभ्यास’. विषय चांगला आहे, पण शीर्षकातच गडबड आहे. ‘निष्काळजीपणा’ लिहिलं की उत्तर आधीच ठरलं, मग सर्व्हे कशाला करायचा? म्हणून आज एक प्रसंग घेऊ आणि त्यातून प्रश्न कसा बांधायचा ते बघू.

समजा, ऑक्टोबर 2012 च्या शेवटी तुम्ही न्यूयॉर्कला फिरायला गेला आहात. हॉटेल मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाजवळ, परतीचं विमान मंगळवारी. शनिवारी, 27 तारखेला टीव्हीवर सॅंडी वादळाचा नकाशा दिसतो. त्यावर पुढे पुढे रुंद होत जाणारा एक पट्टा असतो. वादळ एवढं मोठं आहे, असंच बघणाऱ्याला वाटतं. खरं तर तो पट्टा वादळाचा आकार दाखवतच नाही. वादळाचं केंद्र कुठून कुठपर्यंत जाऊ शकतं, एवढंच तो सांगतो. आणि तोही मागच्या पाच वर्षांत अंदाज किती चुकले यावरून काढलेला असतो. केंद्र साधारण तीनपैकी दोन वेळा पट्ट्याच्या आत राहतं. वारा आणि पाणी पट्ट्याबाहेरही पोचतं. हा नकाशा लोक कसा चुकीचा वाचतात यावर केनेथ ब्रॉड आणि सहकाऱ्यांचा 2007 चा लेख आहे. लिटरेचर रिव्ह्यूची सुरुवात तिथून करा.

शनिवारी संध्याकाळी महापौर मायकेल ब्लूमबर्ग सांगतात की सध्या सक्तीचं स्थलांतर नाही. तुम्ही निवांत जेवायला बाहेर पडता. रविवारी तेच महापौर सांगतात: झोन ए रिकामा करा. जवळपास पावणेचार लाख लोकांसाठीचा हा आदेश. आणि संध्याकाळी सातला सबवे बंद.

आता इथे थांबून स्वतःला विचारा, मी झोन ए मध्ये आहे का?

तिथल्या रहिवाशाकडे याचं उत्तर असण्याची बरीच शक्यता आहे. आदल्याच वर्षी, ऑगस्ट 2011 मध्ये, आयरीन वादळाच्या वेळी हाच आदेश निघाला होता. (त्यातून काहींनी ‘मागच्या वेळी काही झालं नव्हतं’ असाही धडा घेतला, तो वेगळा विषय.) तुमच्याकडे मात्र फक्त हॉटेलचा पत्ता आहे. नकाशा शहराच्या संकेतस्थळावर असतो, पण असा नकाशा असतो हेच पाहुण्याला माहीत नसतं. मग तुम्ही काय करता? खाली रिसेप्शनला जाऊन विचारता.

हे ‘विचारणं’च आपल्या अभ्यासाचा गाभा आहे. इशारा ऐकून कुणी लगेच उठून निघत नाही. माणसं एकमेकांना विचारतात, खिडकीतून बघतात, फोन करतात. आपत्तीच्या समाजशास्त्रात याला ‘मिलिंग’ म्हणतात. रहिवासी शेजाऱ्याला विचारतो, बहिणीला फोन लावतो, तिच्याकडे जाऊनही राहतो. पर्यटकाला विचारायला रिसेप्शनचा माणूस आणि लॉबीतले दुसरे पर्यटक, म्हणजे तितकेच अनभिज्ञ लोक. थॉमस ड्राबेक यांनी पर्यटक आणि तात्पुरते राहणारे लोक आपत्तीत काय करतात यावर 1996 मध्ये आख्खं पुस्तक लिहिलं, ते मिळवाच.

सोमवारी दुपारी गोष्ट आणखी गुंतागुंतीची होते. 57 व्या रस्त्यावर बांधकाम चालू असलेल्या टॉवरवरची क्रेन वाऱ्यानं मोडून लोंबकळायला लागते आणि आजूबाजूच्या इमारती रिकाम्या कराव्या लागतात. त्यात हॉटेलही होतं. ती जागा झोन ए च्या कितीतरी बाहेर. म्हणजे नकाशा बरोबर वाचलेल्या पाहुण्यालाही बॅग उचलून निघावं लागलं. त्या रात्री दक्षिण टोकाच्या बॅटरी भागात भरतीमापकावर 14 फुटांची विक्रमी नोंद झाली, साडेआठच्या सुमारास खालच्या मॅनहॅटनची वीज गेली. तुमचं मंगळवारचं विमान अर्थातच उडालं नाही.

आता त्या शीर्षकाकडे परत या. हॉटेलात थांबलेला माणूस निष्काळजी होता, की ‘जा’ हे ऐकूनही ‘कुठून’ आणि ‘कुठे’ ही दोन उत्तरं त्याच्याकडे नव्हती? पहिला प्रश्न माणसाच्या स्वभावाबद्दल आहे, दुसरा इशाऱ्याच्या मजकुराबद्दल. दुसरा तपासता येतो: आदेशात रस्त्यांची नावं होती का, कोणत्या भाषांत होता, हॉटेलनं खोल्यांपर्यंत पोचवला का.

सॅम्पलचं दुखणं मात्र खरं आहे. रहिवाशांची मतदारयादी तरी असते, पर्यटकांची कुठलीच यादी नसते. आठवड्याभरात ते जगभर पांगतात. विमानतळावर गाठावं म्हटलं, तर तिथे अडकलेलेच भेटतात. जे शनिवारीच शहाणपणानं निघून गेले ते तुमच्या सॅम्पलमध्ये येतच नाहीत. म्हणजे ‘पर्यटक ऐकत नाहीत’ हा निष्कर्ष तुमच्या उभं राहण्याच्या जागेमुळेच निघू शकतो. सहा महिन्यांनी ईमेलवर विचाराल, तर आठवणींना घडून गेलेल्याचा रंग चढलेला असतो.

आणखी एक. त्या रविवारी, 4 नोव्हेंबरला न्यूयॉर्क मॅरेथॉन होती. घरं बुडालेले लोक हॉटेलांत राहत होते आणि त्याच खोल्या धावपटूंच्या नावानं बुक होत्या. शुक्रवारी संध्याकाळी शर्यत रद्द झाली, तोवर बरेच परदेशी धावपटू येऊन पोचले होते. म्हणजे वादळ येताना पर्यटक दुबळा असतो आणि ते गेल्यावर त्याचीच खोली दुसऱ्या कुणाला हवी असते. प्रश्नावली बनवताना या दोन्ही दिवसांचा पर्यटक डोळ्यासमोर ठेवा.

त्या वाचकानं परवा नवं शीर्षक पाठवलं: ‘स्थलांतराच्या आदेशातील स्थाननिर्देश आणि तात्पुरत्या रहिवाशांचे आकलन’. गाइड म्हणाले, फार लांब झालंय. पण या वेळी त्यांनी प्रश्न काय आहे असं विचारलं नाही, सॅम्पल कुठून आणणार असं विचारलं.