बगीच्याचा राखणदार

पांढुर्णा व सौंसर या भागांत संत्र्याच्या बगीच्यांची राखण करणाऱ्या कुत्र्याच्या वाट्याला बहुधा घरातील उरलेसुरले अन्न येते. त्यातील कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. शिजवल्यानेही हा दोष जात नाही. ‘आजवर काही झाले नाही’ असे धनी म्हणतो. पण ही हानी मुकाट्याने साचत जाते. त्यापेक्षा बिनफोडणीच्या वरणात भाकरी कुस्करावी, सोबत उकडलेले अंडे द्यावे. रक्ताचा दुसरा वैरी गोचीड. ती रक्त शोषतेच, शिवाय याच पेशी नासविणारे जंतूही अंगात सोडते. कान, बगला, बोटांच्या बेचक्या रोज चाचपाव्यात. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. रॉकेल लावू नये. हिरड्या फिकट दिसताच कुत्र्यास जनावरांच्या दवाखान्यात न्यावे.