निळ्या भिंतीच्या डावीकडे

एक लहानशी, लांबट चौकोनी खोली. तीन भिंती पांढऱ्या, एक निळी. दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांदेखत एका कोपऱ्यात खेळणं लपवलं जातं. मग त्याचे डोळे झाकून त्याला जागच्या जागी गोल फिरवतात आणि म्हणतात, शोध आता.

लिंडा हर्मर आणि एलिझाबेथ स्पेल्की यांनी १९९४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात हा प्रयोग मांडला. मुलं खऱ्या कोपऱ्यात जितक्या वेळा गेली, जवळपास तितक्याच वेळा तिरप्या समोरच्या कोपऱ्यातही गेली. खोलीचा आकार त्यांच्या लक्षात होता. पण आकारावरून पाहिलं तर हे दोन्ही कोपरे अगदी सारखे. त्यांतला खरा कोणता, हे निळी भिंत सांगत होती. मोठी माणसं तिचाच आधार घेतात. या मुलांनी घेतला नाही.

पुढच्या अभ्यासांत असं दिसलं, की पाच-सहा वर्षांची जी मुलं ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’ स्वतःहून नीट बोलतात, ती या कामातही सरस ठरतात. मोठ्या माणसांना शोधता शोधता कानावर पडणारा मजकूर सतत मोठ्याने म्हणायला लावला, तर तीही चिमुरड्यांसारखी चुकू लागतात. खोली मोठी असेल तर लहान मुलंही रंगीत भिंतीचा उपयोग करतात, हे नंतर इतरांनी दाखवलं. त्यामुळे भाषेचा वाटा नेमका किती, यावर संशोधकांचं एकमत नाही. तरी वाटा आहे, असं मला ठामपणे वाटतं. त्याचं कारण निकाराग्वा.

तिथे १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात कर्णबधिर मुलं प्रथमच मोठ्या संख्येने एका शाळेत जमली आणि त्यांनी आपसांत एक नवी खूणभाषा घडवली. पहिल्या पिढीच्या खुणांत डाव्या-उजव्याची पद्धत पक्की नव्हती. मागून आलेल्यांनी ती पक्की केली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन्ही पिढ्यांतल्या, एव्हाना प्रौढ झालेल्या माणसांना अशाच लपवा-शोधाच्या परीक्षा दिल्या, तेव्हा धाकटी पिढी पुढे निघाली. थोरल्यांचा जगण्याचा अनुभव जास्त होता, उणीव होती ती जागा सांगण्याच्या ठरलेल्या खुणांची.

आपल्याकडे पहिलीच्या गणितात वर-खाली, आत-बाहेर, मागे-पुढे हे शब्द येतात आणि अंकांच्या घाईत भराभर उरकले जातात. खरं तर १२ आणि २१ यांतला फरक जागेचाच आहे. दशक एककाच्या डावीकडे बसतो, हे ज्याच्या हातात आणि तोंडात नाही, त्याने ती मांडणी पाठ करायची तरी कशाच्या बळावर?

जागेचे हे शब्द मुलांना एकदम येत नाहीत. ज्युडिथ जॉन्स्टन आणि डॅन स्लोबिन यांनी १९७९ साली चार भाषांतली मुलं तपासली. आत, वर, खाली, शेजारी हे आधी. मधे आणि मागे-पुढे नंतर. त्यातही खुर्चीच्या ‘मागे’ लवकर कळतं, कारण खुर्चीला पाठ असते. चेंडूच्या ‘मागे’ म्हणजे कुठे, हे बघणारा कुठे उभा आहे त्यावर ठरतं. डावं-उजवं तर याहून अवघड. स्वतःचा उजवा हात दाखवणारं पाच-सहा वर्षांचं मूल समोरच्याचा उजवा हात विचारल्यावर अडखळतं, याची नोंद मानसशास्त्रज्ञ ज्याँ प्याजेने शंभरेक वर्षांपूर्वीच केली होती.

म्हणून बाईंनी मुलांकडे तोंड करून “उजवा हात वर” म्हणत आपला उजवा हात उचलला, की वर्गातले निम्मे डावे हात वर जातात. त्यांनी फळ्याकडे तोंड केलं तर हा घोळ होत नाही. दुसरी अडचण पुस्तकाची. ते बाकावर आडवं पडलेलं असतं आणि आपण म्हणतो, पानाच्या ‘वर’ नाव लिही. मुलाच्या लेखी वर म्हणजे छत. पान आधी भिंतीला उभं टेकवून दाखवावं, मग हळूहळू आडवं करावं.

घरात तर आपण बोटानेच भागवतो. “तो डबा दे, तिथला.” त्याऐवजी “फडताळात, मधल्या फळीवर, साखरेच्या मागे” म्हणायला कितीसा वेळ लागतो? शिकागोतल्या ५२ मुलांच्या घरचं बोलणं संशोधकांनी ती सव्वा वर्षाची असल्यापासून जवळपास चार वर्षांची होईपर्यंत वेळोवेळी टिपलं. जी मुलं स्वतः आकाराचे आणि जागेचे शब्द जास्त वापरत, ती साडेचार वर्षांची झाल्यावर आकृत्यांच्या परीक्षांत पुढे होती. आणि हे शब्द जास्त वापरणाऱ्या मुलांचे आईवडीलही ते जास्त वापरत होते.

शाळेत एक खेळ जरूर करून बघावा. दोन मुलांना पाठीला पाठ लावून बसवायचं, दोघांपुढे सारखेच ठोकळे. एकाने रचायचं आणि सांगायचं, दुसऱ्याने ऐकून रचायचं. “हा इथे ठेव” म्हणून काही उपयोग नाही. “लाल ठोकळ्याच्या उजवीकडे, चिकटून” असंच म्हणावं लागतं. मग दोघांनी उठून एकमेकांच्या रचना पलीकडच्या बाजूने बघायच्या. तिकडून पाहताना त्या उलट्या दिसतात आणि भांडण जुंपतं, उजवीकडे म्हणजे कोणाच्या उजवीकडे? बाईंनी तेव्हा लगेच मधे पडू नये. एक जण उठून दुसऱ्याच्या जागी जाऊन बसेपर्यंत थांबावं.