घरगुती स्पीकरची किंमत आणि ध्वनिगुणवत्ता

घरगुती स्पीकर किंवा ध्वनिक्षेपक यांची किंमत व ध्वनिगुणवत्ता सम प्रमाणात वाढत नाहीत. अतिस्वस्त आणि मध्यम किमतीच्या स्पीकरमधील फरक सहज ऐकू येतो. त्यापुढे किंमत वाढते तसा हा फरक कमी होत जातो.

किमतीचे घटक

मोठा वूफर, न थरथरणारी मजबूत पेटी आणि काटेकोर क्रॉसओव्हर यांवरील खर्च आवाजात उतरतो. बाह्य सजावट व नाममुद्रा यांवरील उतरत नाही. सांगली जिल्ह्यातील मिरज येथे बनणारा तानपुरा काळी एक पट्टीत लावल्यास त्याच्या खर्जाची वारंवारता सुमारे ६९ हर्ट्झ असते. लहान स्पीकर हा मूलस्वर पुरेसा वाजवू शकत नाही. वरच्या उपस्वरांमुळे खर्ज ओळखू येतो, परंतु त्याचा भरीवपणा हरवतो.

पडद्याआडच्या चाचण्या

कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी १९८० च्या दशकात स्पीकर पडद्याआड ठेवून चाचण्या घेतल्या. त्यांत बहुतेक श्रोत्यांनी सर्व वारंवारता समतोलपणे वाजवणाऱ्या स्पीकरना पसंती दिली. टूल आणि शॉन ऑलिव्ह यांच्या १९९४ मधील प्रयोगात स्पीकर दिसू लागताच श्रोत्यांनी दिलेले गुण बदलले. लहान, स्वस्त संचाचे गुण घटले.

खोलीचा परिणाम

स्पीकर कोपऱ्यात ठेवल्यास खालचे स्वर फुगतात. त्यामुळे जागा बदलल्यानेही, कोणत्याही खर्चाविना, आवाज सुधारू शकतो.